५-ए ते ४-ए, व्हाया १२-ए

आमच्या घरातल्या कुकरची शिट्टी ७-ए आहे. मिक्सर चटणी वाटताना ११-ए आणि रिकामा फिरवला तर ६-ए. आकुर्डी स्टेशनकडं येणाऱ्या लोकलचा भोंगा २-बी. तीच लोकल भोंगा देत पुढं निघून गेली की ७-बी. फ्रिजला अजून नंबर मिळालेला नाही, कारण मोजायला घेतला की तो बंद पडतो.

ही माहिती मी कुणाकडं मागितली नव्हती. भाच्यानं ती आपण होऊन पुरवली. भाचा साताऱ्याहून इंजिनिअरिंग शिकायला आकुर्डीला आला, प्राधिकरणात आमच्याकडं राहिला आणि बघता बघता डीजे झाला. हल्ली तो मोबाइल पुढं धरून घरभर फिरतो आणि आवाज करणाऱ्या प्रत्येक वस्तूची पट्टी वहीत लिहून ठेवतो. मी कुठल्या पट्टीत घोरतो हेही त्या वहीत आहे. मी ते पान वाचलेलं नाही. बायकोनं वाचलंय आणि ती म्हणते, "पट्टी स्थिर नाही."

नंबर लावण्याला माझा विरोध असायचं कारण नाही. मी टूलरूमचा माणूस, मायक्रोमीटर आणि स्लिप गेज यांच्यात केस पिकलेला. पिंपरीपासून चाकणपर्यंत आमच्याकडं प्रत्येक नट-बोल्टला पार्ट नंबर असतो, आणि ज्याला पार्ट नंबर नसतो त्याला टोकन नंबर असतो, कारण तो कामगार असतो. पण संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाकघरातून, "मामी, गॅस बंद नको करू, अजून एक शिट्टी होऊ दे, कन्फर्म करायचंय," असं ऐकू आलं की पोटात गोळा येतो. त्या दिवशी डाळीचं जे झालं त्याला कुठल्याही वहीत नंबर नाही.

माझ्या बहिणीचा साताऱ्याहून काळजीचा फोन आला. "डॉल्बी लावतोय म्हणं पोरगं?" तिकडं याला डॉल्बी म्हणतात. आमच्याकडं डीजे. नाव कुठलंही घ्या, डोळ्यापुढं येतो तो ट्रॅक्टर, ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, मागं जनरेटर, वर शार्पी लाइटचे झोत, आणि समोर छातीवर हात ठेवून उभे असलेले ज्येष्ठ नागरिक. भाच्याचा डीजे मात्र कॉलेजच्या सॅकमध्ये मावतो. दोन फिरत्या तबकड्या आणि मधे बटणं, एवढाच. तो आणला त्या दिवशी माझ्या बायकोनं तो सगळ्या बाजूंनी बघितला, दार उघडून जिन्यातही पाहिलं आणि विचारलं, "बाकीचं कधी येणार?"

बाकीचं येणार नव्हतं. सगळं हेडफोनमध्येच होतं. रात्री पाणी प्यायला उठलं की अंधारात फक्त त्याची मान हलताना दिसायची.

"नक्की करतोस काय तू?" मी एकदा विचारलं.

"हार्मोनिक मिक्सिंग. एक गाणं संपायच्या आत दुसरं आत आणायचं. दोन्ही थोडा वेळ एकत्र वाजतात. दोघांची लय जुळली पाहिजे आणि पट्टीही जुळली पाहिजे. मग ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही."

"कळत नाही तर एवढी मेहनत कशाला?"

"कळू नये म्हणूनच तर मेहनत, मामा."

यावर मला बोलता येईना. डायच्या आतल्या, एकदा जुळणी झाली की जगात कुणालाही न दिसणाऱ्या पृष्ठभागाला आरशाचं पॉलिश देण्यात मी आयुष्य काढलंय. सुपरवायझर म्हणायचा, "अहो, डेव्हिएशनवर पास होईल," आणि मी त्याच्याशी दिवसभर बोलायचो नाही.

पट्टी जुळवायचं साधन म्हणजे कॅमेलॉट व्हील. मार्क डेव्हिस नावाच्या गृहस्थानं पाश्चात्त्य संगीतातल्या पंचमांच्या वर्तुळावर घड्याळाचे १ ते १२ आकडे बसवले. ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. संगीताचा गंध नसलेल्या डीजेलाही आकडे कळतात, म्हणून ही सोय. ५-ए मधल्या गाण्यानंतर ५-ए चं गाणं चालतं, शेजारच्या घरातलं ४-ए किंवा ६-ए चालतं, नाहीतर आकडा तोच ठेवून ५-बी चालतं. बाकी जोडायला गेलात तर भांडण.

हे सगळं बायको भाजी निवडता निवडता ऐकत होती. तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न जमवणं चालू होतं, त्यामुळं विषय तिला ताबडतोब कळला. "म्हणजे पत्रिकाच की. आणि दोघांचा नंबर एकच आला तर?"

"मग तर बेस्ट."

"शी! सगोत्र?" म्हणून ती भाजी घेऊन आत गेली.

खरी पंचाईत केली ती बुवांनी. आकुर्डी गावठाणातले बुवा आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. ती रात्र जागवलेला गळा आहे बुवांचा. मंडळात पेटी माझ्याकडं आहे, म्हणजे भाता मी मारतो आणि बोटं कुठं ठेवायची ते बुवा डोळ्यांनी सांगतात. भाच्यानं मोठ्या हौसेनं त्यांना मोबाइलवरचं चक्र दाखवलं. बुवांनी चष्मा वर केला.

"ह्या घराला शेजारचं घर म्हंजे पंचम. ह्या अंगाचं शेजारचं म्हंजे मध्यम. षड्ज-पंचम, षड्ज-मध्यम. पुढं?"

"आणि हे ८-ए, म्हणजे ए मायनर..."

"पांढरी सहा म्हण की."

"...आणि ८-बी म्हणजे सी मेजर. दोन्हींचे सूर तेच."

"असणारच. समद्या पांढऱ्याच पट्ट्या. सा तेवढा हलवलाय. मूर्च्छना म्हंत्यात त्याला." चष्मा खाली आला. "पुढं?"

पुढं काही नव्हतं. भाच्यानं चक्र खिशात टाकलं. मग विषय बदलायचा म्हणून त्यानं कुकरचं ७-ए सांगितलं, आणि ते फारच महागात पडलं.

"एक सूर ऐकून राग कळतो व्हय रं? तुझा कुकर कोमल गंधार लावतो का?"

"ॲप म्हणतंय, आजोबा."

"मग ॲपलाच इचार, कुकर अंतरा कधी घेणार."

आता एवढं सगळं चाललं होतं ते कुठल्या गाण्यांसाठी, तर यूके गॅरेज नावाच्या प्रकारासाठी. आकुर्डीत गॅरेजांची कमी नाही, पण या गॅरेजचा पाना-पकडीशी संबंध नाही. न्यूयॉर्कला पॅराडाइज गॅरेज नावाचा एक क्लब होता, १९७७ ते १९८७ चालला, लॅरी लेव्हन तिथला नावाजलेला डीजे. त्या धर्तीच्या अमेरिकन गाण्यांच्या तबकड्या नव्वदच्या दशकात लंडनला रविवारी वाजू लागल्या. शनिवारची रात्र जागूनही घरी न गेलेली मंडळी रविवारी नाचायला जमायची. (आमच्या शॉपला सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी वीजही नसते, त्यामुळं अशी क्रांती आमच्याकडं व्हायची राहिली.) त्या जागत्या लोकांना मूळ लय पुरेना, म्हणून डीजेंनी तबकड्या जोरात फिरवायला सुरुवात केली. मग लंडनवाले स्वतःच तशी गाणी बनवू लागले, मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपासची.

पण तबकडी पळवली की नुसती लय वाढत नाही, सूरही चढतो. वेग ६ टक्के वाढला की गाणं अर्धा स्वर वर जातं. आणि अर्धा स्वर म्हणजे पेटीवर शेजारची पट्टी असली तरी कॅमेलॉट व्हीलवर तब्बल सात घरं. आमच्या लोकलचं २-बी आणि ७-बी त्यातूनच आलंय. भोंगा बदलत नाही, गाडी आपल्याकडं येते आणि मग आपल्यापासून लांब जाते, म्हणून सूर उतरतो. अर्ध्या स्वराच्या फरकावरून मी हिशेब केला, गाडी ताशी ३६ किलोमीटरनं जात असावी. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यातल्या माणसांना बसायला जागा मिळते का, ते काढा."

सूर न चढवता नुसती लय वाढवायची सोय आता कंट्रोलरवर असते. मास्टर टेंपो नावाचं छोटं बटण. या बटणाकडं वाचकांनी लक्ष ठेवावं.

गॅरेज घरात पहिल्यांदा मोठ्यानं वाजलं तेव्हा बायकोची तक्रार गायिकेबद्दल होती. "ही बाई एकही वाक्य पुरं का करत नाही?" त्यातल्या बऱ्याच गाण्यांत आवाजाचे बारीक तुकडे करून ते उलटेसुलटे जोडतात. न्यू जर्सीच्या टॉड एडवर्ड्सनं हे तंत्र असं काही केलं की लंडनवाले त्याच्या पायाशी बसले. बायकोचं मत बदललं नाही. "बोलू तरी द्या तिला पुरतं. सारखं कोण तोडतंय मधे?" आमच्या घरात हा प्रश्न विचारायचा अधिकार खरं तर मला आहे.

माझी तक्रार ढोलाबद्दल होती. दर ठोक्याला धम्म यायला हवा, तर हा पहिल्याला येतो, दुसऱ्याला गायब, मग भलतीकडंच कुठंतरी उगवतो, चौथ्याला पुन्हा गायब. मी म्हटलं, "तुझा ढोलवाला मधेच पाणी प्यायला जातो." भाचा म्हणाला, "टू-स्टेप आहे ते, मामा." बुवा मात्र डोळे मिटून, मांडीवर बोटं मोजत ऐकत होते. म्हणाले, "डग्गा उचललाय तिथं. खाली हाय ती. आन् लय झुलवतोय बघ कसा. पोरगं तयारीचं हाय." पोरगं म्हणजे लंडनचं. तरी भाच्यानं ते स्वतःकडं घेतलं आणि बुवांच्या पाया पडला.

याच भरात बुवांनी नातवाच्या हळदीला त्याला अर्धा तास देऊन टाकला.

मग घराची प्रयोगशाळा झाली. योजना अशी, की हळदीचं एक रीमिक्स ५-ए मध्ये, मिनिटाला १२४ ठोके. ते मास्टर टेंपो लावून सूर न हलवता १३२ पर्यंत न्यायचं आणि त्याच्या पोटातून ४-ए मधलं गॅरेज अलगद बाहेर काढायचं. पेटीच्या भाषेत पांढरी एकवरून पांढरी चार. मी कागद घेऊन रीतसर प्रोसेस शीट काढली. ऑपरेशन दहा, ऑपरेशन वीस, लयीला टॉलरन्स अधिक-उणे अर्धा ठोका, शेवटी इन्स्पेक्शन. 'इन्स्पेक्शन कोण करणार?' या रकान्यात भाच्यानं 'पब्लिक' लिहिलं. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. पब्लिककडं गेज नसतं.

हळदीच्या संध्याकाळी गावठाणात घरापुढं मांडव, आणि बाजूला चाकणकडून आलेली साउंड सिस्टीम. ऑपरेटर अंगानं मजबूत, तोंडात बडीशेप, बोलणं कमी. भाच्यानं आपली वायर त्याच्या मिक्सरला जोडली आणि चेहरा पाडला.

"मामा, सगळी सिस्टीम जी मध्ये गुणगुणतेय. आणि तोही पस्तीस सेंट चढा!"

मी कान दिला. खरंच होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर १०० हर्ट्झवर येते, आणि पांढरी पाचचा खालचा सूर ९८ वर. भोसरीतला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर जन्मभर हीच चढी पांढरी पाच लावून उभा आहे. आम्हा दोघांना तो सूर आपल्या ४-ए मध्ये कसा बसवावा हे कळेना. म्हटलं, सगळा सेटच एक घर सरकवावा का? ऑपरेटरनं आमची चर्चा थोडी ऐकली, खाली वाकून एक वायर पायानं सरकवली. घरघर थांबली.

"अर्थिंग लूज होतं, दादा," तो म्हणाला.

मांडव भरला. बायका हळद लावून झाल्या होत्या, आता एकमेकींना लावत होत्या. दहा वाजता सगळं बंद करायचं, हे सगळ्यांनाच माहीत. २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. आमचा कुकर एकटाच ती ओलांडतो, पण तो मिरवणुकीत नसतो म्हणून वाचतो. भाच्याला नऊची वेळ मिळाली. त्यानं हेडफोन एका कानावर ठेवला, प्रोसेस शीट समोर चिकटवली आणि ऑपरेशन दहा चालू झालं. लय चढू लागली. १२६, १२८. सूर जागेवर. बुवा पुढच्या खुर्चीत, मी त्यांच्या शेजारी हातात पेन घेऊन. १३०. १३२. सगळं टॉलरन्समध्ये. ऑपरेशन वीस. गॅरेज आत येऊ लागलं.

आणि त्याच क्षणी टेबलाखालून एक हळदीनं माखलेला हात वर आला. वय अंदाजे तीन. त्या हातानं कंट्रोलरवरचं सगळ्यात छोटं, लुकलुकणारं बटण प्रेमानं दाबलं आणि हात आणि मालक दोघंही नाहीसे झाले.

मास्टर टेंपो बंद. साडेसहा टक्क्यांनी पळणारं हळदीचं गाणं एका झटक्यात अर्धा स्वर चढलं, ५-ए मधून थेट १२-ए मध्ये, आणि खाली ४-ए मधलं गॅरेज पूर्ण आवाजात. बुवांनी कानावर हात नेला. "काळी एक आन् पांढरी चार! एका टायमाला! आन् काळी एकबी चढी!" भाचा बटण शोधत होता, पण सगळ्या बटणांवर हळद सांडली होती आणि कुठलं लुकलुकतंय ते दिसेना. स्पीकरच्या भिंतीतून जे निघत होतं त्याला मी सभ्य शब्द शोधत होतो.

तेवढ्यात मांडव फुटला.

शिट्ट्या. आरोळ्या. नवरदेव मित्रांच्या खांद्यावर. "सायरन लय भारी!" असं कुणीतरी ओरडलं. आतापर्यंत आइस्क्रीमच्या रांगेत असलेले वऱ्हाडी धावत परत आले. एक काकू, ज्यांना गुडघ्यामुळं पायरी चढवत नाही, त्या स्टेजवर होत्या. भाच्यानं घाबरून सगळंच बंद केलं, तर चारही बाजूंनी एकच गजर झाला: "वन्स मोअर!"

संगीत नाटकांच्या काळात पदं रंगली की मराठी माणूस हेच ओरडायचा. गॅरेजच्या क्लबांतही हाच रिवाज आहे. पब्लिक पेटलं की डीजेनं तबकडी खर्रकन मागं ओढायची आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायचं. आर्टफुल डॉजरचं १९९९ सालचं एक गाजलेलं गाणं तर या रिवाजावरच बेतलेलं आहे. आणि हे लंडननं घेतलं जमैकाच्या साउंड सिस्टीमवाल्यांकडून. १९५० च्या दशकात किंग्स्टनमध्ये ते मोठमोठी खोकी ट्रकवर घालून रस्त्यात भिंत उभी करायचे. हे भाच्यानं मला पूर्वी सांगितलेलं मी त्या गोंधळात ऑपरेटरला सांगितलं, कारण दुसरं काय करावं सुचत नव्हतं. त्यानं पहिल्यांदा बडीशेप चावायची थांबवली.

"म्हणजे आपलेच लोक," तो म्हणाला.

भाचा दुःखी होता, पण कलावंत होता. रुमालानं हळद पुसून त्यानं बटण शोधलं, मास्टर टेंपो लावला, गाणं खर्रकन मागं ओढलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी मी टेबलापुढं पाय पसरून उभा राहिलो, कुठल्याही उंचीचा माणूस खालून जाऊ नये म्हणून. १२४ वरून १३२. पांढरी एक जागची हलली नाही. गॅरेज असं काही आलं की हळदीचं गाणं कुठं संपलं ते मला, हातात प्रोसेस शीट असताना, सांगता येईना. सांधा नाही, बर नाही, काही नाही. मी पेनानं सगळ्या रकान्यांपुढं बरोबरची खूण केली.

कुणालाच काही कळलं नाही. भाच्याच्या शास्त्रानुसार हे शंभर टक्के यश होतं. मांडवातली माणसं एकमेकांकडं बघू लागली, मग घड्याळाकडं, आणि मग ताटांकडं निघाली. गुडघ्याच्या काकूंना गुडघा आठवला. नवरदेव खांद्यावरून उतरून चप्पल शोधू लागला.

"आता सुरात आलं," बुवा समाधानानं म्हणाले. "म्हणून तर मंडळी जेवाया उठली. भजनातबी आसंच व्हतं."

नवरदेवाचा एक मित्र भाच्याजवळ आला. "दादा, हे नको. ते मघाचं लावा ना."

"ते चुकलं होतं."

"हां, तेच. चुकलेलं."

भाच्यानं त्याला कॅमेलॉट व्हील दाखवलं, १२-ए आणि ४-ए मधलं अंतर बोटानं मोजून दाखवलं. मित्रानं आदरानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे, दादा. पण तेच लावा." मागं आणखी पंधरा-वीस जण जमले. तेवढ्यात मांडवाच्या दाराशी पोलिसांची गाडी थांबली आणि हवालदार आत आले. सगळे गप्प.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"नऊ पन्नास, साहेब."

"मग दहा मिनिटं आहेत. मघाशी ते सायरनवालं काय होतं? चौकात नीट ऐकू आलं नाही."

भाच्यानं हाताची घडी घातली. "ते बटण मी माझ्या हातानं दाबणार नाही." मला ते पटलं. टूलरूममध्ये मीही हेच म्हणालो असतो. ऑपरेटरनं हात पुढं केला, पण बटणांवरची अक्षरं इंग्रजी आणि बारीक. कुठलं ते त्याला सांगायला कुणी तयार नाही. शेवटी बुवाच म्हणाले की ज्यानं मघाशी दाबलं त्यालाच बोलवा, हात बसलाय त्याचा.

ऑपरेटरनं माइक घेतला आणि अख्ख्या आकुर्डी गावठाणाला ऐकू जाईल असा पुकारा केला, "पिवळा सदरा घातलेला लहान मुलगा जिथं असेल तिथून स्टेजकडं यावा."

हळद होती. सदरा सगळ्यांचाच पिवळा होता.